तीव्र सेरेब्रल पाल्सीमधील खुब्याची शस्त्रक्रिया

तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तींमध्ये खुब्याचा सांधा हळूहळू जागेवरून सरकतो व पुढे निखळतो. हे सरकणे थांबवण्यासाठी, निखळलेला सांधा पुन्हा जागेवर बसवण्यासाठी किंवा दुरुस्त न होऊ शकणाऱ्या सांध्यातील वेदना कमी करण्यासाठी ज्या शस्त्रक्रिया केल्या जातात, त्यांचा विचार या लेखात केला आहे. या शस्त्रक्रियांचे तीन वर्ग मानले जातात : प्रतिबंधक, पुनर्रचनात्मक आणि वेदनाशामक. कोणत्या वर्गातील शस्त्रक्रिया करता येईल हे मुख्यतः सांधा किती सरकला आहे आणि ते किती लवकर लक्षात आले यावर अवलंबून असते. या रुग्णांपैकी बहुतेकांना चालता येत नाही आणि अनेकांना बोलताही येत नाही. त्यामुळे रुग्णाला चालते करणे हा शस्त्रक्रियेचा उद्देश नसतो. वेदनामुक्त सांधा, खुर्चीत नीट बसता येणे आणि दैनंदिन शुश्रूषा सुलभ होणे ही तिची उद्दिष्टे असतात.

पार्श्वभूमी

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात. गर्भावस्थेत, जन्माच्या वेळी किंवा बाल्याच्या आरंभी विकसनशील मेंदूला इजा झाल्यामुळे हालचाल आणि शरीराचा तोल यांवर कायमचा परिणाम करणारी ही अवस्था आहे. इंग्लंडमधील शल्यविशारद विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ साली लंडनमधील प्रसूतिशास्त्र संस्थेपुढे तिचे सविस्तर विवेचन केले. त्यामुळे दीर्घकाळ ती 'लिटलचा रोग' या नावाने ओळखली जात असे. मेंदूतील मूळ इजा वाढत जात नाही. परंतु स्नायू, हाडे आणि सांधे यांवरील तिचे परिणाम शरीराच्या वाढीबरोबर वाढत जातात. खुब्याचे सरकणे हा अशा परिणामांपैकी सर्वांत गंभीर परिणामांपैकी एक होय.

सेरेब्रल पाल्सीची तीव्रता सांगण्यासाठी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात रॉबर्ट पॅलिसानो व सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडलेली स्थूल कारक कौशल्यांची वर्गीकरण पद्धत जगभर वापरली जाते. तिच्यात पाच स्तर आहेत. पहिल्या स्तरातील मूल आधाराशिवाय चालते व धावते. दुसऱ्या स्तरातील मूल चालते, परंतु त्याला काही मर्यादा असतात. तिसऱ्या स्तरात चालण्यासाठी हातात धरण्याचे साधन लागते. चौथ्या स्तरात स्वतःहून होणारी हालचाल फार मर्यादित असते. पाचव्या स्तरातील व्यक्तीला मान व धड सावरणेही कठीण जाते आणि चाकांच्या खुर्चीतून दुसऱ्याने न्यावे लागते. या लेखात 'तीव्र' हा शब्द चौथ्या व पाचव्या स्तरांसाठी वापरला आहे.

खुबा का सरकतो

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचे गोलाकार डोके कमरेच्या हाडातील खोलगट उखळीत बसते व तेथे सर्व दिशांना फिरते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बहुतेक बालकांचा खुबा जन्मतः सुस्थितीत असतो. याच बाबतीत ही विकृती खुब्याच्या जन्मजात विकृतीहून वेगळी ठरते. नवजात तपासणीत खुबा निर्दोष आढळला, एवढ्यावरून अशा बालकाच्या पुढील वर्षांविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

सांध्याला योग्य आकार मिळतो तो उभे राहण्याने व चालण्याने. जन्मतः मांडीच्या हाडाची मान सुमारे ४० अंश पुढच्या बाजूला वळलेली असते. मूल चालू लागल्यावर हा पीळ कमी होत जाऊन प्रौढपणी सुमारे १५ अंश राहतो. मान आणि हाडाचा दांडा यांमधील कोनही लहानपणी मोठा असतो व प्रौढांत तो साधारण १२५ ते १३० अंशांपर्यंत कमी होतो. जे मूल उभेच राहत नाही, त्याच्या हाडात हे बदल पुरेसे घडत नाहीत. त्यात मांड्या एकमेकींकडे ओढणारे आणि मांडी पोटाकडे वाकवणारे स्नायू आखडलेले असतात, तर त्यांच्या विरुद्ध काम करणारे स्नायू दुबळे असतात. या सततच्या ओढीमुळे हाडाचे डोके उखळीच्या मागच्या, वरच्या आणि बाहेरच्या कडेकडे ढकलले जाते. डोक्याचा दाब नीट न मिळाल्याने उखळही उथळ राहते आणि सरकण्यास आणखी वाव मिळतो.

स्नायूंची ताठरता हेच या विकृतीचे एकमेव कारण आहे, अशी समजूत पूर्वी प्रचलित होती. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातील ३२३ मुलांच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ती बदलली. त्या अभ्यासात सुमारे ३५ टक्के मुलांमध्ये खुबा सरकलेला आढळला. पहिल्या स्तरात हे प्रमाण शून्य, तर पाचव्या स्तरात ९० टक्के होते. हालचालींतील दोषाचा प्रकार कोणता आहे यापेक्षा मूल कोणत्या स्तरात आहे यावर धोका अवलंबून असल्याचे त्यातून दिसले. म्हणजेच ज्यांचे स्नायू ताठर नसून शिथिल आहेत अशा मुलांनाही हा धोका असतो.

परिणाम

सरकण्याची सुरुवात बहुधा वेदनारहित असते. मांड्या पूर्वीइतक्या फाकत नाहीत, एक पाय आखूड दिसू लागतो, लंगोट किंवा कपडे बदलणे कठीण होते, अशी चिन्हे कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. केवळ हाताने तपासून सांधा सुरक्षित आहे असे सांगता येत नाही. सांधा पूर्ण निखळल्यावर डोक्यावरील कूर्चा झिजते, डोके एका बाजूने चपटे होते आणि अनेक रुग्णांना वेदना होऊ लागतात. खुर्चीत बसणे, कूस बदलणे, उचलून घेणे, आंघोळ घालणे अशा प्रत्येक कृतीत ती वेदना जाणवते. मांड्या फाकत नसल्याने जांघेची व गुप्तांगाची स्वच्छता नीट राखता येत नाही. एक खुबा निखळल्यास कमरेचे हाड तिरके होते, बसताना शरीराचा भार एका बाजूवर येतो व तेथे दाबव्रण होऊ शकतात. वाऱ्याने झाड झुकावे तशा दोन्ही मांड्या एकाच बाजूला झुकणे आणि पाठीचा कणा बाजूला वाकणे या विकृती अनेकदा याच रुग्णांत एकत्र आढळतात.

ज्या व्यक्तीला बोलता येत नाही, तिची वेदना सहज दुर्लक्षित राहते. रात्री वारंवार जागे होणे, जेवण नाकारणे, विशिष्ट बाजूला वळवताच रडणे किंवा अंग ताठ होणे, आकडी वाढल्यासारखे वाटणे, ही वेदनेची लक्षणे असू शकतात. अशा मुलांसाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत होण्याची क्षमता यांवरून वेदनेचे मोजमाप करणाऱ्या विशेष पट्ट्या उपलब्ध आहेत. त्या भरताना मुलाची रोज काळजी घेणाऱ्या व्यक्तीचे निरीक्षण सर्वांत महत्त्वाचे मानले जाते.

निदान व निगराणी

खुब्याच्या स्थितीचे मापन क्ष-किरण चित्रावरून केले जाते. डेन्मार्कमधील अस्थिरोगतज्ज्ञ रायमर्स यांनी १९८० साली मांडलेली 'सरकण्याची टक्केवारी' हे त्यासाठीचे प्रमुख माप आहे. उखळीच्या बाहेरच्या कडेवरून एक उभी रेषा काढतात आणि हाडाच्या डोक्याच्या एकूण रुंदीपैकी किती टक्के भाग त्या रेषेच्या बाहेर गेला आहे ते मोजतात. ३० टक्क्यांपेक्षा अधिक सरकलेला खुबा धोक्यात आहे असे समजतात. १०० टक्के म्हणजे डोके पूर्णपणे उखळीबाहेर गेले आहे. चित्र घेताना कमर आणि मांड्या ठरावीक स्थितीत सरळ ठेवणे आवश्यक असते, अन्यथा दोन चित्रांची तुलना करता येत नाही.

ठरावीक कालांतराने केलेल्या अशा तपासणीला खुब्याची निगराणी म्हणतात. तीव्र सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे पहिले चित्र वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी घेऊन, त्यानंतर दर सहा ते बारा महिन्यांनी नवे चित्र घेण्याची पद्धत आहे. वेदना असो वा नसो, हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत निगराणी चालू ठेवावी लागते. मात्र सांधा दीर्घकाळ स्थिर आढळल्यास दोन चित्रांतील अंतर वाढवले जाते.

निगराणीचे महत्त्व स्वीडनमधील अनुभवातून सिद्ध झाले. तेथे १९९४ साली दक्षिण भागात सर्व सेरेब्रल पाल्सीग्रस्त मुलांची नोंदणी करून नियमित तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला. गुन्नार हेग्लुंड व सहकाऱ्यांनी २०१४ साली त्याचे २० वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कार्यक्रमापूर्वीच्या मुलांमध्ये खुबा निखळण्याचे प्रमाण ९ टक्के होते. कार्यक्रमातील मुलांमध्ये ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास आले. या कार्यक्रमात एखादी नवी शस्त्रक्रिया शोधलेली नव्हती. उपलब्ध शस्त्रक्रियाच योग्य वेळी केल्या गेल्या, हा त्यातील मुख्य फरक होता.

शस्त्रक्रियेविना उपचार

योग्य आसनव्यवस्था, आधार देऊन उभे करणे, भौतिकोपचार आणि स्नायू शिथिल करणारी औषधे यांचा रुग्णाच्या सुखासाठी उपयोग होतो. तथापि, त्यांनी खुब्याचे सरकणे निश्चितपणे थांबते असे सिद्ध झालेले नाही. बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने व मांड्या फाकलेल्या ठेवणारा पट्टा यांच्या एकत्रित उपचाराची ऑस्ट्रेलियात नियंत्रित चाचणी घेण्यात आली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत फायदा अल्प असल्याचे दिसले आणि खुबा वाचवण्यासाठी केवळ या उपचारावर विसंबू नये असे मत पुढे आले.

शस्त्रक्रियेचे प्रकार

प्रतिबंधक शस्त्रक्रिया

यात हाडाला हात लावला जात नाही. मांड्या जवळ आणणाऱ्या आखडलेल्या स्नायूंच्या कंडरा जांघेतील लहान छेदातून सोडवतात. गरजेनुसार मांडी वाकवणाऱ्या स्नायूची कंडराही लांबवतात. ही शस्त्रक्रिया लहान वयात, सांधा थोडाच सरकलेला असताना करतात. पूर्वी हे स्नायू चालवणारी मज्जातंतूची शाखाही कापत असत; त्यामुळे मांड्या उलट दिशेने कायमच्या फाकलेल्या राहण्याचा धोका असल्याने ती पद्धत मागे पडली.

या शस्त्रक्रियेचा आघात कमी असला तरी तीव्र सेरेब्रल पाल्सीत तिचा परिणाम बहुधा टिकत नाही. मेलबर्नमधील ३३० मुलांच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुसऱ्या स्तरातील ९४ टक्के मुलांना पुढे दुसरी शस्त्रक्रिया लागली नाही व खुबा सुरक्षित राहिला. पाचव्या स्तरात मात्र हे प्रमाण केवळ १४ टक्के होते. त्यामुळे तीव्र रुग्णांत ती पुष्कळदा हाडाची मोठी शस्त्रक्रिया मुलाचे वय व वजन वाढेपर्यंत लांबवण्याचा उपाय म्हणून केली जाते. मांडीच्या हाडाच्या मानेत एक स्क्रू बसवून वाढीची दिशा हळूहळू बदलण्याची पद्धतही अलीकडे याच हेतूने वापरली जाऊ लागली आहे.

पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया

सरकण्याची टक्केवारी साधारण ४० ते ५०च्या पुढे गेली, परंतु डोक्यावरील कूर्चा अद्याप चांगली असली, तर हाडांची पुनर्रचना केली जाते. तिचे सामान्यतः तीन भाग असतात.

पहिल्या भागात आखडलेले स्नायू सोडवतात. दुसऱ्या भागात मांडीचे हाड मानेच्या खाली कापून मान व दांडा यांमधील कोन कमी करतात, पुढे वळलेला पीळ सोडवतात आणि बहुधा हाडाचा लहान तुकडा काढून ते किंचित आखूड करतात. हाड आखूड केल्याने भोवतालच्या स्नायूंची ओढ सैल पडते व डोके दाबाविना उखळीत बसते. कापलेली टोके धातूच्या पट्टीने व स्क्रूंनी जोडतात. तिसऱ्या भागात उखळीचे छप्पर दुरुस्त करतात. उखळीच्या वर कमरेचे हाड अपुरे कापून खालचा भाग बाहेर व खाली वाकवतात आणि निर्माण झालेल्या फटीत हाडाची पाचर ठोकतात. पोलंडमधील विक्तोर देगा यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत व तिचे सुधारित प्रकार यासाठी अधिक वापरले जातात, कारण सेरेब्रल पाल्सीत उखळीचा जो मागचा व वरचा भाग उणा असतो तो त्यांनी भरून काढता येतो. जन्मजात विकृतीत उपयुक्त असलेली सॉल्टर यांची पद्धत डोके पुढच्या बाजूने झाकते व मागची बाजू उघडी टाकते. म्हणून ती येथे सहसा करत नाहीत.

एकच खुबा सरकलेला असला तरी पुष्कळ शल्यविशारद दोन्ही मांड्यांच्या हाडांवर एकाच वेळी शस्त्रक्रिया करतात. त्यामुळे पायांची लांबी सारखी राहते आणि दुसरा खुबा पुढे सरकण्याचा धोका घटतो. फार लहान वयात शस्त्रक्रिया केल्यास पुढील वाढीत विकृती पुन्हा उद्भवण्याचा संभव अधिक असतो, तर फार उशीर झाल्यास सांधा वाचवण्याजोगा राहत नाही.

वेदनाशामक शस्त्रक्रिया

डोके चपटे होऊन कूर्चा नष्ट झाली असेल, तर सांधा पुन्हा बसवून उपयोग होत नाही. अशा वेळी वेदना कमी करणे एवढेच उद्दिष्ट उरते. मांडीच्या हाडाचा वरचा भाग काढून टाकून टोकावर स्नायूंचे आच्छादन शिवणे, डोके काढून उरलेले हाड कापून बाहेरच्या दिशेने वळवणे, सांधा कायमचा जोडून टाकणे, आणि निवडक रुग्णांत कृत्रिम सांधा बसवणे, असे पर्याय आहेत. यांपैकी कोणताही पर्याय सर्वांसाठी श्रेष्ठ ठरलेला नाही. हाड काढल्यावर वेदना शमण्यास कित्येक महिने लागू शकतात, उरलेले टोक वर सरकू शकते आणि भोवती नको तेथे नवे हाड तयार होऊ शकते. कृत्रिम सांधा निखळण्याचा धोकाही या रुग्णांत अधिक असतो. याच कारणामुळे वेदनाशामक शस्त्रक्रियेची वेळच येऊ नये, हे निगराणीचे मुख्य प्रयोजन सांगितले जाते.

शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

पाचव्या स्तरातील अनेक मुलांना कुपोषण, वारंवार होणारा न्यूमोनिया, गिळण्यातील दोष, अपस्मार आणि ठिसूळ हाडे अशा समस्या असतात. म्हणून बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ व आहारतज्ज्ञ मिळून पूर्वतयारी करतात. वजन वाढवणे, रक्तक्षय व जीवनसत्त्व ड यांची कमतरता दूर करणे, श्वसनमार्ग स्वच्छ ठेवणे यांवर भर असतो. अपस्मारासाठी दिल्या जाणाऱ्या व्हॅल्प्रोएट या औषधाने रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून रक्त गोठण्याच्या चाचण्या करतात. अपस्माराची औषधे शस्त्रक्रियेच्या दिवशीही बहुधा चालू ठेवली जातात.

शस्त्रक्रियेनंतर

पाठीच्या कण्यातील सूक्ष्म नळीतून दिलेली वेदनाशामक औषधे पहिल्या काही दिवसांत उपयुक्त ठरतात. वेदनेइतकाच स्नायूंच्या आकस्मिक आकुंचनाचाही त्रास असल्याने त्यासाठी वेगळे औषध दिले जाते. काही केंद्रांत कमरेपासून पायापर्यंत सुमारे सहा आठवडे प्लास्टर घालतात, तर काही ठिकाणी केवळ उशी किंवा पट्टा वापरून लवकर बसवतात. प्लास्टरमध्ये त्वचेवर व्रण पडू शकतात आणि ते काढल्यानंतर ठिसूळ झालेले मांडीचे हाड गुडघ्याच्या वर मोडू शकते. जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होणे व सांधा पुन्हा सरकणे या अन्य गुंतागुंती होत. ज्यांना श्वासनलिकेत किंवा जठरात कायमची नळी बसवलेली आहे, त्यांच्यात गुंतागुंतीचे प्रमाण अधिक आढळते.

घरच्या शुश्रूषेचा भार या काळात मोठा असतो. उचलण्याची पद्धत, खुर्चीची रुंदी, झोपण्याची स्थिती आणि शौचाची व्यवस्था यांत बदल करावा लागतो. त्याची माहिती शस्त्रक्रियेपूर्वीच कुटुंबाला देणे आवश्यक समजले जाते.

फलनिष्पत्ती व मतभेद

क्ष-किरण चित्रात सांधा जागेवर दिसणे म्हणजे रुग्णाला बरे वाटणे नव्हे, हे लक्षात घेऊन टोरांटो येथील उन्नी नारायणन व सहकाऱ्यांनी २००६ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. चालू न शकणाऱ्या मुलांची शुश्रूषा, बसणे, सुखस्थिती, भावना, संवाद, आरोग्य आणि जीवनाची एकूण गुणवत्ता यांचे मूल्यमापन तिच्यात पालकांकडून केले जाते. पुनर्रचनात्मक शस्त्रक्रियेनंतर वेदना कमी होऊन या प्रश्नावलीतील गुण सुधारल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मात्र या क्षेत्रात यादृच्छिक नियंत्रित चाचण्या फार थोड्या आहेत.

सर्वांत मोठा मतभेद वेदनारहित निखळलेल्या खुब्याविषयी आहे. पुढे वेदना होण्याची शक्यता लक्षात घेऊन आधीच शस्त्रक्रिया करावी, असे एका पक्षाचे मत आहे. निखळलेला प्रत्येक खुबा दुखतोच असे नाही. म्हणून दुर्बल प्रकृतीच्या मुलाला मोठ्या शस्त्रक्रियेच्या संकटात टाकू नये, असे दुसरा पक्ष मानतो. प्रत्यक्षात निर्णय घेताना मुलाचे वय, श्वसन व पोषणाची स्थिती, सांध्याची अवस्था आणि कुटुंबाला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टी यांचा एकत्र विचार केला जातो. शस्त्रक्रिया न करता वेदनाशमन व आसनव्यवस्था यांवर भर देणे हाही सुज्ञपणे घेतलेला निर्णय असू शकतो.

भारतातील स्थिती

इंडियन अकॅडमी ऑफ सेरेब्रल पाल्सी आणि पीडिआट्रिक ऑर्थोपेडिक सोसायटी ऑफ इंडिया यांनी भारतासाठी खुबा-निगराणीची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आहेत. निगराणीसाठी लागणारे साधन म्हणजे साधे क्ष-किरण यंत्र असल्याने ती तालुका व जिल्हा पातळीवरही करता येण्याजोगी आहे. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात बालकांतील विकासविलंब शोधून त्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची तरतूद आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सेरेब्रल पाल्सीचा समावेश २१ निर्दिष्ट दिव्यांगत्वांत आहे. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये स्थापन झालेल्या न्यासाच्या 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर रुग्णाला स्वतः संमती देणे शक्य नसेल, तर याच अधिनियमानुसार जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमू शकते. प्रौढ रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी संमतीचा प्रश्न उद्भवतो तेव्हा ही तरतूद महत्त्वाची ठरते.